परड्यातल्या मधपेट्या

वाटणीत तुमच्या वाट्याला काय आलं, असं कुणी विचारलं की मी सांगते, ओढ्याकडची खाचरं, घराची पुढची बाजू आणि मधमाश्या. लोक हसतात. हसू देत. पंचांनी माश्या धाकट्या भावाला दिल्या आणि माश्या जिथं राहत होत्या ते घरामागचं परडं थोरल्याला दिलं. धाकटा म्हणजे माझा नवरा. पंचांपैकी एकाचीही पेटी उघडून आत डोकावायची छाती नव्हती, पण वाटणी करायला सगळे पुढे.

आमचं घर कुसगावात. सासरे लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर माळीकाम करत. शेठला मधमाश्यांचा नाद होता. बंगला विकला तेव्हा त्यानं आपल्या लाकडी पेट्या माश्यांसकट सासऱ्यांना देऊन टाकल्या. परड्यात जांभळीखाली दगडी ओटा होता, त्यावर त्या मांडल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. दोन्ही मुलगे माश्यांना भ्यायचे, म्हणून सासऱ्यांनी ते काम मला शिकवलं. घरात सुनेचं स्वतःचं असं काही नसतं. माझे दागिनेसुद्धा सासूच्या ट्रंकेत होते. माश्या मात्र माझ्या होत्या. सासरे गेल्यावर त्या जगाव्यात, एवढंच मला त्या वाटणीतून हवं होतं.

थोरल्या दिरांना जांभळीखाली गोठा बांधायचा होता. पाया खणायचा मुहूर्त परवावर आला आणि पेट्या हलवा असा निरोप आला. निरोपच, कारण थोरले दीर धाकट्या भावजयीशी बोलत नसत. तेव्हा रीतच तशी होती. ते समोरून आले की मी पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. काही सांगायचं तर जावेला सांगायचं, ती त्यांना सांगणार, आणि वाटेत त्यातलं निम्मं सांडणार. माश्यांतलं कळणारी घरात मी एकटी, आणि ज्याला ते कळायला हवं त्याच्यासमोर तोंड उघडायची मला सोय नव्हती.

सासऱ्यांनी मला बजावून ठेवलं होतं. पेटी हलवायची तर रोज हातभर सरकवावी, नाहीतर एकदम कोसभर लांब न्यावी. मधलं अंतर वाईट. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. जवळच हलवली तर ती चरायला जाते आणि परतून जुन्याच जागी येते. आमची नवी जागा घराच्या पुढच्या अंगाला, कुंपणाशी होती. हाक मारली तर ऐकू येईल इतकी जवळ. हातभर सरकवत न्यायला सवड नव्हती. मी जावेकरवी सवड मागितली. उत्तर आलं, मुहूर्त पुढं जायचा न्हाई.

माझं माहेर वलवणच्या पलीकडे, चांगलं दीड कोसावर. मी नवऱ्याला म्हटलं, पेट्या बैलगाडीतून तिकडे नेऊ, महिनाभर ठेवू, मग आणून कुंपणाशी मांडू. माश्या जुनी जागा विसरतील. त्यांनी जेवता जेवता हात थांबवला.

"वाटणी चाललीया," ते म्हणाले. "आत्ता तुझ्या बापाच्या दारात गाडी उतरली तर गाव काय म्हणंल? भावाच्या घरातलं उचलून सासुरवाडीला भरलं म्हणंल."

"माश्या आपल्याच वाट्याच्या हायत न्हवं?"

"गाडीत काय हाय ते कोण बघतंय? गाडी कुटं गेली तेवढंच बघत्यात."

यात ते खोटं बोलत नव्हते. वाटणीच्या दिवसांत सुनेनं माहेरी साधं गाठोडं नेलं तरी गावाच्या माना वळत. महिन्यापूर्वी मी माहेरी निघाले तेव्हा जावेनं माझ्या पिशवीवरून सहज हात फिरवून घेतला होता. मी तो बेत सोडला. माझ्या बापाला चोर म्हणवून घ्यायची माझीही तयारी नव्हती.

दिवेलागणीला माश्या आत गेल्यावर आम्ही दारं चिंधीनं बंद केली आणि एकेक पेटी दोघांनी उचलून कुंपणाशी नेली. सकाळी दारं उघडली. पुढं जांभळीचे डहाळे आडवे लावले, म्हणजे बाहेर पडताना माशी थबकेल आणि नवी जागा नीट पाहून घेईल. माश्यांनी डहाळे ओलांडले आणि गेल्या. ऊन चढलं तेव्हा ओटा माश्यांनी काळा झाला होता. पेट्या जिथं असायच्या नेमक्या तिथं घोस लटकले होते, रिकाम्या दगडाला. त्यांचं गुणगुणणं नेहमीचं नव्हतं. घरचं माणूस गेलं की बायका बसतात तसं ते ऐकू येत होतं.

संध्याकाळी मी सुपात माश्या भरून पेट्यांत नेऊन सोडल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा ओट्यावर. पाया खणायला आलेले गडी जवळ येईनात. मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले आणि परत आले तर परड्यातून धूर येत होता. दिरांनी काथ्यात राकेल ओतून ओटा पेटवला होता. तेव्हा जर्मनची लढाई चालू होती, दिव्याला राकेल मिळत नव्हतं, या कामाला मात्र मिळालं. खाली सांडलेल्या माश्या जाव खराट्यानं लोटत होती. मुहूर्त टळत होता गं, असं ती म्हणाली. मी पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं, कारण दीर तिथं उभे होते.

पेट्यांत राणी होती, पिल्लं होती, पण चरून आणणाऱ्या माश्या जळल्या होत्या. मी गुळाचं पाणी ठेवलं. पोळ्यांना कीड लागली. जी पेटी तगली तिच्यातल्या माश्याही वैशाखात एका दुपारी उठल्या आणि भुशीच्या डोंगराकडे निघून गेल्या. नवऱ्याची अब्रू राहिली, माझ्या बापाचं नाव राहिलं, दिरांचा मुहूर्त साधला. रिकाम्या पेट्या मी चुलीत घातल्या.

पुढे काही वर्षांनी दिरांना खोकला लागला. रक्त पडायला लागलं. जाव वाटी घेऊन माझ्या दारात आली.

"वैद्यबुवांनी मधातनं चाटण द्या म्हनून सांगितलंय," ती म्हणाली. "अस्सल पायजे. तुज्याकडं जुना असंल म्हनून ह्यांनीच धाडलंय."

दिरांनी माझ्याकडे काही मागायला धाडलेला तो पहिला निरोप होता.

"गोठ्यात बगा, आक्का," मी म्हणाले.

ती रिकामी वाटी पदराखाली घेऊन गेली. माझ्याकडे खरंच थेंबभर मध नव्हता. असता तर मी तिची वाटी भरून दिली असती, आणि मला स्वतःचा राग येतो तो याचाच.