आडोशाची जागा

देवासला प्लेग आला, तेव्हा मी कॉलेजातून घरी आलो होतो. गावाबाहेर राहायला निघालेल्या पुरुषांनी विहिरीजवळचा उघडा माळ पसंत केला आणि तंबू ठोकायला घेतले. शेजारच्या गाडीतली एक अनोळखी बाई मात्र उतरेना. पदर खोचून तिने कासरा हाती घेतला.

“बाई, जागा चांगली आहे, उतरा,” कुणीतरी म्हणालं.

“भिया,” ती माळव्यातल्या रीतीने भावाला हाक मारावी तशी म्हणाली, “बैलांना चारा पाहिलात, घोड्यांना पाणी पाहिलंत. बायांनी आडोशाला जायचं कुठं, ते पाहिलंत?”

सगळे हसले, माझे वडीलही. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

तिने बैल पळसाच्या झाडीकडे वळवले.

“ऐकलंत का, आपलीही गाडी वळवा,” आई आतून म्हणाली.

झाडीपाशी पोहोचल्यावर आईने पाणी मागितलं. सकाळपासून ती प्यायलीच नव्हती.