मातीवरचा डावा कोपरा

खरं नाव सांगत नाही, ऑफिसात ते रोज माझ्या समोर बसतात. इस्लामपुरात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. दुपारच्या चहाला बशीत बिस्किटं मांडून ते कबड्डीतल्या डाव्या कोपऱ्याच्या खेळाडूंची तुलना करतात. मातीवरचा जुना कायम जिंकतो, मॅटवरचा आजचा हरतो.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पुराव्याशिवाय मला काही पटत नाही. विचारलं, "जुन्यांचा खेळ तुम्ही बघितलाय का?"

"आवं, तवा मी पाळण्यात! पण बघायला कशाला पायजे?"

रविवारी तालुक्याचा मुलींचा संघ निवडायला हेच होते. माझ्या पुतणीनं डाव्या कोपऱ्यातून सहा जणी पकडल्या. त्यांनी मान हलवली. "घोटा धरायचा जुना हात हिच्यात न्हाई."

"मग काका, तुमीच या की चढाईला," पुतणी म्हणाली.

भाऊसाहेब पँट दुमडून, कबड्डी कबड्डी म्हणत आत शिरले. तिनं घोटा धरला तसे मॅटवर पालथे पडले. मैदान हसत होतं आणि हे पडल्यापडल्या सांगत होते, "मातीवर असतो तर सुटलो असतो."

मग उठले, कपडे झटकले आणि यादीत तिचं नाव लिहिलं. राखीव म्हणून.