घासून लख्ख केलेले प्लग

मोटारीचे चार प्लग मी चिंच आणि राख लावून घासले, काथ्यानं पुसले, आणि त्यांच्या वाकड्या जिभा बत्त्यानं ठोकून सरळ केल्या. हे सांगायला लागले की आमची नातवंडं पोट धरून हसतात. त्यांना वाटतं, आजी मीठमसाला लावते. मसाल्याचं मला माहीत नाही, मीठ मात्र खरंच लावलं होतं. चिंचेबरोबर चिमूटभर मीठ असलं की पितळ झटक्यात निघतं, आणि प्लगाच्या डोक्याला एवढीशी पितळेची टोपी असते.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही व्हायचं होतं. माहेरी इंदापूरला माझं नाव होतं, की हिच्या हातून गेलेल्या भांड्यात तोंड बघावं. ते नाव घेऊन मी काटेवाडीच्या मळ्यात नांदायला आले, आणि आपण आलो म्हणून हे घर आता उजळणार, अशी माझी पक्की समजूत होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं की पुढचं मला आधीच कळलेलं असे. म्हणजे मला तसं वाटे. अशा मुलीला आज मी समोर बसवलं असतं आणि दिवसभर लसूण सोलायला लावलं असतं.

आमच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या छपराखाली एक जुनी मोटार होती. युद्धाच्या आधीची, कुण्या साहेबानं वापरून टाकलेली, नंतर बारामतीच्या एका व्यापाऱ्यानं दमवलेली, आणि शेवटी आमच्या ह्यांनी हौसेनं घरी आणलेली. भवानीनगरला साखर कारखाना उभा राहिला होता. तिकडं माणसांचं जाणंयेणं वाढलं होतं आणि एसटी गेली की दुसरीची वाट बघत बसावं लागे. बारामती ते इंदापूर उतारू न्यायचे, असा ह्यांचा बेत होता.

मोटार मात्र बेताला साथ देत नव्हती. घरातून झोकात निघायची, भवानीनगर मागं पडलं की धापा टाकायची, आणि मग अशी गप्प व्हायची की हँडल मारून मारून ह्यांचे हात भरून यायचे. दोन वेळा आमच्याच बैलांनी तिला ओढून घरी आणलं. रस्त्यानं लोक थांबून बघत होते. ते सगळं मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जिव्हारी लागलं. त्यांनी ठरवून टाकलं. दसऱ्याला मोटार उतारू घेऊन इंदापूरला जायची आणि आपल्या पायांनी परत यायची. आली तर राहील, नाही आली तर भंगारात. आणि ह्यांनी मुकाट उसाला पाणी द्यायला लागायचं. जळोचीचे एक तात्या आणि त्यांचं बिऱ्हाड, लेकीच्या घरी इंदापूरला जायला तयारही झालं होतं.

बारामतीचे एक मिस्त्री ह्यांच्या ओळखीचे. त्यांनी ह्यांना बजावलं होतं, की प्लग बदलू, पण जुने आहेत तसे काढून आणा, फडकंसुद्धा लावू नका. खंडेनवमीला पहाटे ह्यांनी ते काढले, वर्तमानपत्राच्या कागदावर ज्याचा त्याचा क्रम लावून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवले आणि मोटेकडे गेले. पूजा झाली की बारामतीला न्यायचे, असं त्यांच्या मनात. मनातलं बायकोला सांगायची तेव्हा पद्धत नव्हती.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजायची. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, तराजू, उसाचे कोयते, सगळं मी सकाळी आडावर नेलं. येताना कट्ट्यावर बघते तर हे चौघं. वरून काळे, मेणचटलेले. मला वाटलं, ही मोटारीची हत्यारं दिसतात, ह्यांनी माझ्यासाठीच ठेवली असणार, आणि पुरुषमाणसाला नीट सांगता येत नाही म्हणून मुकाट ठेवून गेले. किती गोड, असंही वाटलं. मी बैठक मारली आणि चारही प्लग असे घासले की वरची पांढरी चिनीमाती दुधासारखी दिसायला लागली. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या टोकाला एक लोखंडी जीभ आहे आणि ती वाकलेली आहे. मी म्हटलं, बघा, वाकलीय आणि कुणाचं लक्षही नाही. आतून बत्ता आणला.

दुपारी पूजेला सगळं ओळीनं मांडलं. खुरप्यांच्या शेजारी चार प्लग, सरळ जिभांचे, हळदीकुंकू ल्यालेले, प्रत्येकावर झेंडूची एकेक पाकळी. मामंजींना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण चकाकी कळत होती. ते आत्याबाईंना म्हणाले, की सून कामाची आहे. मी पदर पुढं ओढून लाजले. तेवढ्यात हे आले. ओळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि झेंडूच्या फुलासारखा माणूस एकदम गवारीच्या शेंगेसारखा झाला. वडिलांसमोर बोलायची सोय नव्हती. हात जोडले, नारळ फोडला, सायकल काढली आणि बारामतीला गेले.

का गेले ते मला कळलं नाही. सांजच्याला मिस्त्री आले, सायकलीला पत्र्याची पेटी बांधून. मामंजी अंगणात बाजेवर बसले. आम्ही दोघी उंबऱ्याच्या आत, आत्याबाई पुढं, मी त्यांच्या मागं. ह्यांनी फडक्यातून प्लग काढून दिले. मिस्त्रींनी एक हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“ह्याला राखंची राकुंडी लावली व्हती का?”

हे म्हणाले, “मीच घासले. सणाचं.”

“आन् जिभा?”

“त्या बी म्याच.”

तेव्हा कुठं मला उमजलं, की आपण काहीतरी मोठं करून ठेवलंय, आणि हा माणूस ते आपल्या अंगावर घेतोय.

मिस्त्री रागावले नाहीत. पेटी उघडून त्यांनी मामंजींना समजावलं, म्हणून मलाही समजलं. प्लग सगळे सारखे दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा असतो. काही थंड, काही गरम. इंजिनाची कुठली नळी, म्हणजे सिलिंडर, कशी जळते ते प्लगाच्या टोकावर बसलेल्या काजळीच्या रंगावरून कळतं, आणि त्यावरून नवा प्लग निवडायचा. ही मोटार रस्त्यात का बसते, ते ह्या चौघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आता तोंडं धुतलेली.

त्यांनी ह्यांना विचारलं, की घासताना रंग कसा होता. ह्यांनी घासलेच नव्हते. पहाटे अंधारात काढलेले, बघणार कधी? ते म्हणाले, “काळेच व्हते. समदे काळे.”

मिस्त्रींनी मान हलवली आणि पेटीतून एका जातीचे चार प्लग उचलले. बहुतेक गाड्यांना हेच जातात, घालून बघू, म्हणाले. मामंजी म्हणाले, काहीही घाला, उद्या रस्त्यात कळेलच. त्यांचा आवाज भंगारवाल्याला निरोप देऊन झाल्यासारखा होता.

आणि मला टोकांचे रंग माहीत होते. माझ्याइतके जगात कुणालाच माहीत नव्हते. एकेक घासून काढला होता. पण परक्या माणसासमोर, मामंजींसमोर, नवी सून बोलत नसे. शिवाय बोलले तर घासणारी कोण ते उघड होणार, आणि माझं उजळ नाव गेलंच. खरं सांगते, मी थोडा वेळ त्या नावाचाच विचार केला. मग ह्यांच्या पाठीकडं बघितलं. ते खाली बघून उभे होते. मी आत्याबाईंच्या कानाशी लागले.

आत्याबाईंनी आधी माझ्याकडं वळून बघितलं. त्या बघण्यात पुढच्या सहा महिन्यांचं बोलणं होतं. मग त्या बाहेर तोंड करून म्हणाल्या, “ती म्हनती, तीन गुळावानी व्हते.”

मिस्त्रींचा हात थांबला. “कंचा गूळ? पिवळा का तांबडा?”

ऊस पिकवणाऱ्या मुलखात हा प्रश्न कुणालाच नवा वाटला नाही. मामंजीसुद्धा सरसावून बसले. आत्याबाई माझ्याकडं वळल्या, मी सांगितलं, त्या बाहेर वळल्या. “तांबूस. चांगल्या पाकाचा.”

“मंग ते तीन ब्येस हायती. चवथा?”

चौथा काळाकुट्ट, ओला, तेलकट होता. चिंच दोनदा लावावी लागली, तरी बोटांवरून जाता जाईना. एवढं सगळं मी कानात सांगितलं. आत्याबाईंना लांबण आवडत नसे. त्यांनी बाहेर सांगितलं, “चवथा करपल्याला.”

मिस्त्री म्हणाले, करपला म्हणजे नळी फार तापतेय, तिथं आणखी थंड प्लग पाहिजे. आणि पेटीत हात घातला.

मी कधी उंबरा ओलांडला ते मला कळलं नाही. पदर डोक्यावर होता एवढं आठवतं.

“करपल्याला न्हाय,” मी म्हणाले. “वला व्हता. तेलकट. दोनदा चिच लावली तवा निगाला. मीच घासले, त्येंनी न्हाय. जिभा बी मीच ठोकल्या.”

मिस्त्रींनी माझ्याकडं न बघता, प्लगाकडं बघत विचारलं, की चौथा म्हणजे कुठल्या बाजूचा. मी म्हटलं, कागदावर गोठ्याच्या अंगाला होता. ह्यांनी आता पहिल्यांदा मान वर केली. “गोठ्याकडला म्हंजे मागचा. डायवरच्या बाजूचा.”

“तेल पितीया ती नळी,” मिस्त्री म्हणाले. “पाच-सा कोस गेलं की प्लग भिजतोय आन् इजतोय. तिथं गरम जातीचा पायजे, तेल बसायच्या आत जाळून टाकनारा.”

पेटीच्या तळाशी, जुन्या वायसरांच्या खाली, एक निघाला. कागदात गुंडाळलेला, कोरा. बाकी तीन नळ्यांना पहिल्याच जातीचे ठरले. प्रत्येक प्लगाची जीभ आणि मधला दांडा यांच्या फटीत त्यांनी एक पातळ पत्री सरकवून बघितली, आणि मला जवळ बोलावलं. ह्या फटीतून ठिणगी उडी मारते, म्हणून जीभ वाकडी, एवढंच म्हणाले. बत्त्याचं नाव काढलं नाही. मी पत्री धरून बघितली. अडकत अडकत सरकत होती, तशीच पाहिजे, म्हणाले. तेवढ्यात मी उगाच एक शहाणपणाचा प्रश्न विचारला, कुठला ते आता आठवत नाही, आणि ह्यांना ठसका लागला.

चारही प्लग बसवून ह्यांनी हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला मोटार बोलली. तिचा आवाज पूर्वी खोकल्यासारखा यायचा, तो आता एकसारखा, जात्याच्या घरघरीसारखा आला. मिस्त्रींनी कान देऊन ऐकलं आणि चहा मागितला.

दसऱ्याला सकाळी मामंजी स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसले. मागच्या वेळचा मोटार ओढायचा सोल, म्हणजे जाड दोर, त्यांनी बरोबर घेतला, पायांशी ठेवला. वाटेत त्यांना तो लागेल याची खात्री होती. जळोचीला तात्यांना घ्यायचं, मग मागं वळून इंदापूरचा रस्ता. आम्ही दोघी मागं राहिलो. मी पुरणावर बसले खरी, पण भवानीनगर आलं असेल, आता मागं पडलं असेल, असं मनात चाललं होतं. डाळ दोनदा खाली लागली. आत्याबाईंनी एकदाही टोकलं नाही. त्यासुद्धा मधूनमधून बांधावर जाऊन येत होत्या, शेळी बघायला म्हणून. आमच्याकडं शेळी नव्हती.

दुपार उतरली तसा हॉर्न ऐकू आला. आधी लांब, मग वळणावर, मग थेट आमच्या दारच्या आंब्याखाली. मोटार आपल्या पायांनी आली. सोल टपावर होता. तात्यांच्या लेकीनं आमच्यासाठी धाडलेली पेरूंची डालगी तात्यांनी त्यानं बांधून दिली होती. ह्यांच्या तोंडावर धूळ, आणि धुळीतून दात तेवढे दिसत होते. मामंजी उतरले, पाय धुतले, ओसरीवर जाऊन बसले. इंदापूरला पोचलो, येताना वाटेत कुठं थांबायची पाळी आली नाही, हे ह्यांनीच आत्याबाईंना सांगितलं. वडिलांनी जाताना-येताना एक अक्षर काढलं नाही, हेही सांगितलं. ठेवतील की काढतील, ते काही ह्यांना समजेना, आणि विचारायची छातीही होईना. हे उगाच छपराखाली जाऊन मोटार पुसत बसले.

संध्याकाळी मी मामंजींना आपट्याचं सोनं द्यायला गेले. पान पायाशी ठेवलं, वाकले. एरवी ते नुसता हात वर करत. त्या दिवशी त्यांनी पान उचलून मुंडाशात खोवलं, छपराकडं एकवार बघून घेतलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले:

“सूनबाई, त्येला जाऊन सांग, गाडी इकायची न्हाय म्हनावं. माज्या तोंडानं सांगाया मला लाज वाटतीया. आन् उद्या सकाळी प्लग काढतानी तू बी जवळ बस, त्येला रंग कळत न्हायती.”