नावाची चाळणी

रुग्णालयात तिला सगळे पर्लताई म्हणत. दारातल्या यंत्रावर रुग्ण स्वतःच आपलं नाव टाकत. ती नावनोंदणी ज्या प्रोग्रॅमवर चाले तो पर्ल या जुन्या संगणकीय भाषेत तिनंच लिहिला होता आणि त्यातलं दुसऱ्या कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. संगणकाची खोली तळघरात, बिनखिडकीची. बदलीचा अर्ज केला की साहेब म्हणत, "तुम्ही गेल्यावर हे कोण बघणार?"

लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा कुठे रजा मिळाली. निघायच्या दिवशीच एक म्हातारे गवंडी तळघरात उतरले.

"बाई, तुमचं यंत्र म्हणतं, माझं नाव चुकीचं आहे. आईनं ठेवलेलं नाव चुकीचं कसं?"

आडनाव त्यांना नव्हतंच. पर्लताईनं नाव तपासणारी ओळ उघडली. आधी अक्षरं, मग मोकळी जागा, मग पुन्हा अक्षरं. एवढं जुळलं तरच नाव आत. आडनाव नसलं तरी चालेल, असा बदल तिनं घाईघाईत केला. गवंड्यांचं नाव लागलं. पण त्या खटाटोपात ओळीच्या टोकाचं डॉलरचं चिन्ह पुसलं गेलं. 'नाव इथंच संपलं पाहिजे' असं सांगणारं तेवढंच होतं. आता सुरुवातीला एक अक्षर असलं की मागून काहीही खपत होतं.

ती बसमध्ये बसते न बसते तोच फोन वाजला. कुणी नावापुढे फोन नंबर टाकला होता, एका बाईनं तर गुडघेदुखीची अख्खी कहाणी लिहिली होती. असल्या लांबलचक नावांनी चिठ्ठ्या छापणारं यंत्र अडकलं होतं आणि रांग दारापर्यंत गेली होती.

ती उतरली. ते चिन्ह जागेवर ठेवायला क्षणही लागला नाही, पण घुसलेला कचरा निवडण्यात दिवस गेला. मान खाली घालून ती म्हणाली, "साहेब, चूक माझीच होती."

साहेबांनी ऐकलंच नाही. "बघा, तुम्ही नसलात की असं होतं!"

शेवटची बस गेली होती. लेक बाळंत झाल्याचं तिला तळघरातच कळलं. तिथं फोनचा आवाज धड येत नव्हता, म्हणून जिन्यात उभं राहून तिनं नातीचं रडणं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक ओळीशेजारी साध्या भाषेत टीप लिहिली आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं. "बस, शिकवते. अवघड नाही."

"अवघड नाही ते दिसतंय हो," तो पाय मागे घेत म्हणाला. "पण मला हे येतंय असं कळलं तर मलाही इथून हलू देणार नाहीत."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

आठवड्यानं रजा पुन्हा मंजूर झाली, सोबत लॅपटॉप देऊन. लेकीकडे पोचल्यावर पर्लताईनं हात धुतले, नातीला मांडीवर घेतलं. इतक्यात पिशवीतला फोन वाजला.

"घेऊ नकोस ना आई," लेक म्हणाली.

"नुसतं विचारते काय झालंय ते," म्हणत तिनं बाळ लेकीकडे दिलं आणि लॅपटॉप उघडला.