सॅक्सोफोनला वन्स मोअर

मस्कतमध्ये जॅझच्या कार्यक्रमात ‘वन्स मोअर’ ओरडलेली पहिली बाई बहुधा मीच असेन. दुसरी कोण, तेही मी सांगू शकते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. लग्न होऊन सांगलीहून थेट मस्कतमधल्या दार्सैतच्या फ्लॅटमध्ये येऊन पडले होते. हे सकाळी ऑफिसला जायचे, मग मी आणि चार भिंती. शेजारच्या ताई मल्याळी. त्या मल्याळीत हसायच्या, मी मराठीत हसायचे आणि दोघी आपापलं दार लावून घ्यायचो. मराठी बोलायचं ते कुकरशी. (तोही शिट्टी मारून विषय बदलायचा!) शेवटी एके दिवशी मी यांना सांगूनच टाकलं, “मराठीत बोलायला एखादं बाईमाणूस मिळालं नाही, तर मी सांगलीला परत जाते. थट्टा नाही.”

हे घाबरले. घाबरलेल्या नवऱ्याने काय करावं? मराठी बाई शोधावी! पण नाही. यांनी अर्बाबने, म्हणजे ऑफिसच्या ओमानी मालकाने, दिलेले जॅझचे दोन पास आणले.

“जॅझ म्हणजे काय हो?”

“तिकडचं संगीत असतं. तू फक्त शांत बस. अर्बाब आपल्या पुढच्याच रांगेत असतील.”

शांत बसण्यात त्या दिवसांत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी लग्नातला शालू नेसून गेले. हॉटेलची हिरवळ, अंधार, समुद्राचं वारं, आणि आजूबाजूला हळू आवाजात बोलणारे साहेब-मडमा. एवढ्या माणसांत मला घरच्यापेक्षा जास्त एकटं वाटलं.

बराच वेळ काही कळेना. वाटण्या झालेल्या भावांसारखा जो तो आपापलं वाजवत होता. मग सॅक्सोफोनवाला एकटाच पुढे आला आणि त्याने असं काही वाजवलं, की मी खुर्चीत पुढे सरकले. माझी रिकामी दुपार या माणसाला कुणी सांगितली? मी न राहवून ओरडले, “वन्स मोऽऽअर!”

(आमच्या सांगलीत हा साधा व्यवहार आहे. आवडलं की आपण ओरडायचं, आणि गाणाऱ्याने तेच पुन्हा म्हणायचं.)

हिरवळ चिडीचूप. यांनी माझा पदर ओढला. सॅक्सोफोनवाला मात्र खूश झाला, कमरेत वाकला आणि पुन्हा वाजवू लागला. पण भलतंच!

“अहो, हे ते नाही!” मी म्हणाले. जरा मोठ्यानेच.

“जॅझमध्ये तेच परत वाजवत नाहीत. दर वेळी नवीन सुचेल ते,” हे खुर्चीत घसरत पुटपुटले.

“मग वन्स मोअरला अर्थ काय राहिला?”

तेवढ्यात मागच्या अंधारातून एका बाईचा आवाज आला, “वन्स मोऽऽअर!”

तोच हेल! मी पुन्हा दिला. तिकडून पुन्हा आला. बिचारा सॅक्सोफोनवाला घामाघूम होऊन तिसऱ्यांदा तिसरंच वाजवू लागला. अर्बाब मागे वळून यांना म्हणाले, “मॅडम को म्युझिक बहुत पसंद है.”

“जी, बहुत,” हे म्हणाले. चेहरा नोकरी गेल्यासारखा.

मध्यंतर झालं तशी एक चष्मेवाली बाई खुर्च्या चुकवत, धापा टाकत माझ्यापाशी आली.

“तुम्हीच ना ओरडलात? मी कुसुम. इथंच मस्कतमध्ये, अझैबाला राहते. मूळची मिरजेची.”

मिरज! आमच्या शेजारचं! मला रडूच कोसळलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले. “तुम्हालाही ते सॅक्सोफोनचं एवढं आवडलं?”

“छे हो, मला ओ की ठो कळलं नाही त्यातलं. ‘हे ते नाही’ एवढं कानावर पडलं. म्हटलं, मराठी बाई आहे इथं कुठंतरी. पण अंधारात दिसेना. तुम्ही पुन्हा ओरडला असतात तर कुठं बसलाय ते तरी समजलं असतं. म्हणून दिला वन्स मोअर. त्याला नाही, तुम्हाला.”

मी सांगलीला परत गेले नाही. पण आयुष्यात मला मिळालेला तो एकुलता एक वन्स मोअर, आणि तोही किंचाळण्याबद्दल!