निम्मे फवारे बंद

त्या वर्षी दुष्काळाने आम्हाला अर्ध्या बादलीत अंघोळ करायला शिकवलं होतं. शहर वाढत वाढत वाळूजला भिडलं, आमची नवी सोसायटी उभी राहिली, नळाला पाणी मात्र नाही. टँकरचा हॉर्न वाजला की सगळे जिने उतरून पळायचे, त्यात मी पुढे.

वाळूजच्या एका कारखान्यात मी सिम्युलेशन करायचो. लालबुंद तापवलेली पोलादी नळी तीन फिरत्या रोलांमध्ये दाबून गाड्यांचे पोकळ शाफ्ट बनायचे. ती कुठे चेपेल, कुठे चिरेल, हे मी आधी कॉम्प्युटरवर बघायचो. नव्या शाफ्टला पडद्यावर सगळं हिरवं आलं, म्हणजे धोका नाही. मी तसं लिहून दिलं आणि स्वतःवर जाम खूश झालो.

चाचणीच्या सकाळी मशीनवरचा ऑपरेटर, फुलंब्रीहून रोज मोटारसायकलवर येणारा पन्नाशीचा माणूस, सहज म्हणाला, "साहेब, तुमच्या काम्प्युटरात रोलावर पाणी किती धरलंय? इथं महिना झाला, निम्मे फवारे बंद हायेत. टँकर पुरत नाय."

मी सगळे फवारे चालू धरले होते. टँकरमागे पळणाऱ्या मला मशीनचं पाणी तुटलंय हे सुचलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार तो हाच. रोल गार राहिले नाहीत तर नळी मऊ राहून तिला पीळ पडणार, आणि पीळ पडलेली नळी फटका मारत बाहेर येते.

"थांबवा" एवढंच म्हणायचं होतं. पण समोर मोठे साहेब, गिऱ्हाईक कंपनीची माणसं, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. भीतीने मी नुसता ऑपरेटरकडे बघत राहिलो. मशीन सुरू झालं.

नळी अर्ध्यात थरथरली, वाकली आणि तिचं लाल टोक ऑपरेटरच्या जागेसमोरच्या जाळीवर आदळलं. जाळी फाटून आत गेली. तो मात्र दोन पावलं मागे उभा होता.

मी त्याच्याकडे धावलो. "तुम्ही मागे कसे काय सरलात?" मी विचारलं.

"तुमचं तोंड बघितलं. पांढरंफट पडलं व्हतं, म्हून सरलो."

त्याने आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग हळूच म्हणाला, "पण साहेब, मी तुमच्याकडं बघितलंच नसतं तर?"