उशीचं माप

काल दुपारी डबा खाऊन झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या सरोजताई टेप घेऊन माझ्याजवळ आल्या. "उठ जरा. पाठ दुखते म्हणत होतीस ना? खुर्चीला उशी शिवते तुला."

मी उठून उभी राहिले. त्या वाकून माप घेऊ लागल्या.

इतिहासात एम. ए. होऊन मी या फरश्यांच्या कंपनीत लागले, त्याला वर्ष होत आलं. दिवसभर कॉम्प्युटरवर ऑर्डरी भरायच्या. कॉलेजात कितीही कंटाळा आला तरी परीक्षा यायची, सुट्टी लागायची, जूनमध्ये नवा वर्ग मिळायचा. इथे जून आला आणि गेला. मी पुढच्या वर्षात गेले, असं कुणी सांगितलं नाही. आपण पुढे जातोय की नाही, हे स्वतःचं स्वतःला कळायची सवय मला कधी लागलीच नव्हती.

"ताई, तुम्ही इथे कधीपासून?" मी विचारलं.

"एकोणीस वर्षं होतील आता. आले होते दोन-चार महिन्यांसाठीच, बी. एड.ला नंबर लागेपर्यंत." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मला भीती वाटली. आवाजात थोडी खंत असती तर बरं वाटलं असतं.

घरून निघताना मीही आईला 'दोन-चार महिनेच' म्हणाले होते. पुढच्या शिक्षणाचं ती हल्ली विचारत नाही.

"कापड कुठल्या रंगाचं घेऊ?" टेप गुंडाळत ताईंनी विचारलं.

मी इथे फार दिवस नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"मळखाऊ घ्या," मी म्हणाले.